फळ्यावर काही नाही

६ जानेवारी

ठिणगीस,

सुरुवात कशी करावी ह्यातच एक कागद वाया गेला. ‘प्रिय’ लिहिलं तर तुला वाटणार, म्हातारा मऊ पडला, काहीतरी हवं असणार. आणि हवंच आहे. म्हणून सरळ कामाचं बोलतो. फोन तू उचलत नाहीस. त्याचा राग नाही. म्हणजे आहे, पण आजचा विषय तो नाही.

गिरणीचं बॉयलर-घर बंद झालं. नव्या मालकांनी वाफेची तयार मशिनं आणली, बटणावर चालणारी. त्यांच्याजवळ माणूस बसवावा लागत नाही म्हणे. आमचा बॉयलर थंड केला त्या दिवशी मी तिथेच होतो. इतकी वर्षं ज्याच्या अंगाला हात लावायची सोय नव्हती, त्याला त्या दिवशी हात लावून बघितला. भिंतीसारखा गार. मला फार वाईट वाटलं. बाकीचे चहा प्यायला गेले होते, त्यामुळे बरं झालं.

तर मी नोकरी शोधतोय. कंपनीची ही खोली मार्चअखेर रिकामी करून द्यायची आहे. नाही जमलं तर तुझ्याकडे येऊन पडेन असं मनातसुद्धा आणू नकोस. मी आणलेलं नाही.

बॉयलरवाला हवा अशा दोनच जाहिराती दिसल्या. पहिली बिस्किटांच्या कारखान्याची. तिथून नकार आला. दुसरी मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघराची. तिथे सगळ्या चादरी आणि डॉक्टरांचे अंगरखे वाफेवर निघतात, आणि बॉयलरवाल्याला राहायला मागच्या अंगाला खोली आहे. बिस्किटवाल्यांसारखंच ह्यांनीही लिहिलंय, अर्जासोबत कव्हर लेटर जोडावे. आधी मला वाटलं, पाकिटावर काय लिहायचं ते. नाक्यावरची टायपिंगवाली बाई हसली. म्हणाली, “काका, पाकिटावर नाही हो. पत्र. तुम्ही कोण, तुम्हालाच का घ्यावं, ते पटवून द्यायचं.”

पटवून द्यायला मला कधी जमलंय, ते तू जाणतेसच. पण तुझं काम तेच. दिवसभर लोकांचे अर्ज वाचायचे, ह्याला बोलवा, त्याला नको. म्हणून बिस्किटवाल्यांना काय लिहिलं होतं ते खाली उतरवून पाठवतो. कुठे चुकलं ते बघ आणि परत पाठव. माझा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत आहे. तुला फक्त पेटीत टाकायचं.

“महोदय, बॉयलर अटेंडंटच्या जागेसाठी अर्ज करत आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, उजवा ठीक आहे. जिना उतरताना गुडघा दुखतो, चढताना नाही. स्वभाव तापट आहे. एकट्याने काम करायची सवय असल्यामुळे कोणी मध्ये बोललेलं चालत नाही. पाणी कधी डोळ्याआड होऊ दिलं नाही. बाकी काही नाही. आपला.”

तुझी आई तुझ्याकडे पाहुणी म्हणून आली आहे, तिला सांग, सावकाश ये. घाई नाही. जाताना ती शिवणयंत्रही घेऊन गेली, त्याअर्थी तुझ्याकडे बरंच शिवायचं निघालं असेल.

बाबा


१४ जानेवारी

ठिणगी,

उत्तराची वाट बघत नाहीये, सहज लिहितोय.

शेजारचा फिटरही त्याच जागेला अर्ज करतोय. बॉयलरचं प्रमाणपत्र त्याच्याकडेही आहे, पण आयुष्यात पूर्ण पाळी एकट्याने केलेली नाही. काल त्याने टायपिंगवाल्या बाईकडून पत्र करून आणलं आणि मला वाचून दाखवलं. “मी अत्यंत मेहनती, होतकरू व सकारात्मक वृत्तीचा असून संघभावनेने काम करण्यात मला आनंद वाटतो.” मी म्हटलं, “होतकरू? अरे, तुझा जावई होतकरू शोभतो, तू कसला?” तो म्हणाला, “भाऊ, बाईकडे ते आधीच लिहिलेलं असतं. फक्त नाव बदलायचं.” मग मला म्हणाला, “तुम्हीपण करून घ्या. उगीच खरंखुरं लिहीत बसू नका.”

माणूस वाईट नाही. तुझी आई गेल्यापासून भाजी जास्त झाली की आणून देतो. म्हणजे, पाहुणी गेल्यापासून.

मी बाईकडे गेलो होतो. खुर्चीवर बसवून तिने विचारलं, “तुमच्या जमेच्या बाजू सांगा.” ती बोटं यंत्रावर ठेवून बसली. शेवटी म्हणाली, “काका, मागे गिऱ्हाईक आहे.” मग उठलो.

आता तू म्हणशील, चार चांगल्या गोष्टी सांगायला काय जातं. जात काही नाही, पण येत नाही. बॉयलर-घरातला फळा तुला आठवत असेल. पाळी सुटताना जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी त्यावर खडूने लिहायचं. काय लिहायचं? पंप आवाज करतोय. मागचा व्हॉल्व्ह गळतोय. जे बिघडलंय, तेवढंच. जे ठीक आहे त्याच्याबद्दल एक अक्षर नाही, कारण येणाऱ्याला त्याचा काय उपयोग? ठीक असलेल्या गोष्टी वाचत बसला तर बिघडलेली राहून जायची. आणि काहीच बिघडलेलं नसेल तर फळा कोरा ठेवायचा. कोऱ्या फळ्यापेक्षा मोठी शाबासकी आमच्यात नव्हती. नवा माणूस आत शिरून कोरा फळा बघायचा आणि जाणाऱ्याला म्हणायचा, “वा.” झालं.

शाळा सुटली की तू माझा डबा न्यायला यायचीस, आणि ओलं फडकं घेऊन फळा पुसायचा हट्ट धरायचीस. तुझा हात वरपर्यंत पोचत नव्हता, मी उचलून घ्यायचो. तू विचारायचीस, “बाबा, आज काय लिहायचं?” मी म्हणायचो, “काही नाही.” की तू गिरणीच्या फाटकापर्यंत उड्या मारत जायचीस. पहारेकऱ्यालासुद्धा सांगायचीस, आज आमचा फळा कोरा.

असो. ह्याचा त्या पत्राशी काही संबंध नाही.

बाबा


२७ जानेवारी

ठिणगी,

पाकीट आलं.

उघडलं आणि पहिल्यांदा दिसलं ते लाल. एवढा लहान मजकूर, पण त्यात पांढरं शोधावं लागत होतं. ‘डाव्या कानाने’ ह्यावर आडवी रेघ आणि शेजारी, “हे कोणी विचारलंय?” गुडघ्यावर रेघ. ‘तापट’ ह्याला गोल करून, “काढा.” खाली, “उणिवा पत्रात लिहायच्या नसतात. केलेलं काम लिहा. संस्थेला तुमचा उपयोग काय, ते लिहा. वाक्यं ‘मी’ने सुरू करा.” आणि ‘बाकी काही नाही’ ह्याच्यापुढे, पेन रुतेल इतक्या जोराने, “मग नोकरी का द्यावी?”

‘बाबा’ नाही. ‘कसे आहात’ नाही. सही नाही. कागद मी उलटा करूनही बघितला.

खोटं कशाला बोलू, नाकाला मिरच्या झोंबल्या. चप्पल घालून बाहेर पडलो, कोपऱ्यापर्यंत तुला उत्तर देत देत गेलो, आणि तिथून परत आलो, कारण मला ते अक्षर ओळखीचं वाटलं. अक्षर तुझं, पण रीत माझी. माझ्या फळ्यावर मी असंच लिहायचो. आणि घरीही, असं तू घर सोडून गेलीस त्या दिवशी म्हणालीच होतीस. शाळेचा निकाल तू माझ्या हातात दिलास तेव्हा मी विचारलं, गणितातले चार मार्क कुठे गेले. तुला ती मोठी नोकरी लागली तेव्हा मी म्हणालो, प्रवास लांब पडेल. लांबच होता. पण बाकी सगळं मला ठीक वाटलं होतं, म्हणून बोललो नाही. ते तुला न बोलता समजायला हवं होतं की नाही, ह्यावर आपण पुन्हा कधीतरी भांडू.

आता दुसरी गोष्ट, जी मला परत आल्यावर दिसली. सगळ्या पत्रात एका वाक्यावर तू पेन लावलेलं नाहीस. ‘पाणी कधी डोळ्याआड होऊ दिलं नाही.’ त्याच्यावर रेघ नाही, गोल नाही, शेजारी काही नाही. मी कागद खिडकीशी नेऊन पाहिला. स्वच्छ आहे.

तो कागद मी भिंतीवर लावला आहे. हसू नकोस.

नवीन मसुदा करून पाठवतो. ह्या वेळी तू सांगितलंस तसं.

बाबा


९ फेब्रुवारी

ठिणगी,

सोबत नवीन पत्र आहे. ह्याच्यापायी नाकी नऊ आले. ‘मी’ने वाक्य सुरू करायचं म्हणजे स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं बसायचं. ‘मी अनुभवी आहे’ लिहिलं आणि खुर्चीत कोणी दुसराच बसलाय असं वाटलं. खोडलं. ‘मी विश्वासू आहे.’ हे कोणी स्वतःबद्दल कसं लिहितं? ते दुसऱ्याने म्हणायचं.

मग मी तुझं ते न खोडलेलं वाक्य घेतलं आणि सगळं पत्र त्याच्यावर उभं केलं. तू विचारलंस ना, नोकरी का द्यावी? तर ह्यासाठी. बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी एक काच असते, वीतभर. तिच्यात पाणी दिसत असेल तर जग ठीक चाललंय. दिसेनासं झालं तर मागेपुढे न बघता आग बंद करायची, नाहीतर बॉयलर फुटतो. आयुष्यभर मी त्या वीतभर काचेकडे डोळ्यांत तेल घालून बघितलं. हे मी लिहिलंय, आणि ‘मी’ने सुरू केलंय.

पण मग एक अडचण आली. ‘कधी डोळ्याआड होऊ दिलं नाही’ हे पूर्ण खरं नाही. एकदा झालं होतं. तू तेव्हा लहान होतीस. काचेत पाणी दिसेना. काच धुऊन बघितली, तरी नाही. मी आग बंद केली. वाफ गेली, गिरणी दिवसभर थांबली, रंगात असलेलं सगळं कापड फुकट गेलं. दुसऱ्या दिवशी कळलं की पाणी होतं, काचेकडे जाणारी वाटच गाळाने तुंबली होती. म्हणजे आग बंद करायचं कारण नव्हतं. मला लेखी ताकीद मिळाली. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही, आणि तुझ्या आईवर विनाकारण ओरडलो. तिला विचार, तिला आठवत असेल. तिला सगळं आठवतं.

ते मी पत्रात घातलं आहे. शेवटी लिहिलंय, “पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा आग बंद करीन.” आणि डावा कानही एका ओळीत ठेवला आहे, कारण बॉयलर अर्धा कानानेच चालवायचा असतो आणि हे त्यांच्यापासून लपवणं बरं नव्हे. तू म्हणालीस उणिवा लिहायच्या नसतात. कळतंय मला. तरी हा परिच्छेद काढायचं माझ्या जिवावर आलंय. म्हणून तू ठरव. तू रेघ मारलीस तर मी काढीन, एका शब्दाने विचारणार नाही. तू ह्या कामातली आहेस, मी नाही.

अर्जाची मुदत महिन्याच्या वीस तारखेची आहे. पाकीट आत आहे.

ही नोकरी मला हवी आहे गं. हे आधीच्या पत्रांत लिहिलं नव्हतं. खोलीचं तर आहेच, पण रिकाम्या हातांनी मला बसता येत नाही. काल दुपारी मी स्टोव्हवर पाणी ठेवून नुसता उकळताना बघत बसलो होतो. फिटर दारात येऊन उभा राहिला ते कळलंसुद्धा नाही. तो भाजी ठेवून गेला.

बाबा


१७ फेब्रुवारी

माझी ठिणगी,

आलं पाकीट! इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

आतला कागद फाटू नये म्हणून कात्री घेतली. (आईने मोठी कात्री नेली, लहान ठेवून गेली.) कागद उलगडला आणि आधी लाल शोधलं. नाही. पुन्हा वरून बघितलं. मागे बघितलं. कुठेच नाही. एक रेघ नाही, एक टिंब नाही. कानाच्या ओळीवर नाही, त्या परिच्छेदावरही नाही. पूर्ण पत्र जसंच्या तसं.

मी ते टेबलावर ठेवलं आणि रडलो. लिहायला लाज वाटते, पण आता तुझ्यापाशी कसली लाज. तुला फळा आठवला. मी लिहिलेलं तू वाचलंस, आणि मला माझ्याच भाषेत उत्तर दिलंस. तू दोन पानं कौतुक लिहून पाठवलं असतंस तरी मला एवढं कळलं नसतं.

लगेच उठून अर्जाला पत्र जोडलं आणि स्वतः रुग्णालयाच्या कार्यालयात देऊन आलो. पेटीवर भरवसा ठेवला नाही. देताना तिथल्या मुलाला म्हटलं, “नीट ठेव, पत्र तपासून घेतलेलं आहे.” तो म्हणाला, “बरं आजोबा.” आजोबा म्हणाला, तरी राग आला नाही.

एक गंमत सांगू? कागदाची घडी तू अगदी तुझ्या आईसारखी घातली होतीस. कडा आतल्या बाजूला, कपड्यांची घालते तशी. मागच्या वेळी तू नुसता कसाबसा दुमडला होतास. मुली शेवटी आईवर जातात.

नोकरी लागली की त्या मागच्या खोलीत दोन खाटा बसतील का ते बघणार आहे. बसतील असं वाटतं. आईला आत्ताच काही सांगू नकोस.

तुझा बाबा


५ मार्च

ठिणगी,

काल मुलाखत झाली. टेबलापलीकडे दोघं होते. एक रुग्णालयाचे इंजिनिअर आणि एक कार्यालयातल्या मॅडम, तुझ्याच वयाच्या. केसांचा बुचडा तू बांधतेस तसा बांधलेला. म्हणून मला आत शिरताना भीती वाटली नाही.

पत्र मॅडमच्या हातात होतं. त्यांनी विचारलं, “काका, हे तुम्ही स्वतः लिहिलंत?”

“स्वतः. मुलीने तपासलंय.”

“मुलगी काय करते?”

“तुमचंच काम. अर्ज वाचते. मोठ्या कंपनीत आहे.” मी हे जरा मोठ्यानेच सांगितलं.

मॅडमनी इंजिनिअरकडे बघितलं. मग म्हणाल्या, “आणि त्यांनी हा परिच्छेद राहू दिला?”

“हो. एक रेघ मारली नाही.”

इंजिनिअरनी पत्र ओढून घेतलं. “तुम्ही गिरणी दिवसभर बंद पाडलीत. आणि पाणी तर होतं.”

“ते दुसऱ्या दिवशी कळलं साहेब.”

“आमच्याकडे ऑपरेशनच्या चादरी असतात. वाफ थांबली तर शस्त्रक्रिया थांबतात. तुम्ही लिहिताय, पुन्हा तसंच करीन.”

“काचेत पाणी दिसलं नाही तर करावंच लागेल.”

“आणि कान?”

“डावा. उजवा ठीक आहे.”

त्यांनी पत्र परत मॅडमपुढे सरकवलं. सरकवण्यातच मला समजलं. मॅडमनी कागद पुन्हा हातात घेतला. मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, “काका, रागावू नका. तुमच्या मुलीने हे खरंच वाचलं होतं का?”

तोंडात मारली असती तरी बरं झालं असतं. मी “हो” म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाहेर बाकावर बसलो. शेजारी धुलाईघराच्या गाड्या जात होत्या, चादरींचे ढीग, गरम, वाफेचा वास येत होता. आत फिटरचं नाव पुकारलं. तो जाताना माझ्या खांद्याला हात लावून गेला. बसल्या बसल्या मला ती घडी आठवली, तुझ्या आईसारखी.

संध्याकाळी फिटर आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला. त्याला घेतलं. म्हणाला, “भाऊ, मी नाही म्हणून सांगू का?” मी म्हटलं, “वेडा आहेस का, पोरीबाळींचा बाप तू.” त्याला पाणी दिलं. मग तो गेल्यावर दार लावून घेतलं.

तू वाचलं होतंस का? एवढंच कळव. नसेल वाचलंस तरी मी काही म्हणणार नाही. फक्त मला ठाऊक असू दे. भिंतीवरचा कागद मी अजून काढलेला नाही, पण त्याच्याकडे बघवत नाही.

बाबा


२४ मार्च

ठिणगीच्या आईस,

तुझी चिठ्ठी मिळाली. इतक्या वर्षांत तू मला लिहिलेलं हे पहिलंच, म्हणून पुन्हा पुन्हा वाचली. तू लिहितेस, पहिलं पत्र तपासायला ती लाल पेन घेऊन बसली आणि रडत होती, खोडत होती आणि रडत होती. नंतर कितीतरी दिवस कोणाशी धड बोलली नाही. तुला ते पुन्हा बघायचं नव्हतं. म्हणून दुसरं तूच पाकिटात घालून परत पाठवलंस, आणि तेव्हापासूनची सगळी पत्रं तुझ्या पेटीत आहेत, तिला माहीतही नाहीत. ‘तुमच्या नोकरीचं वाईट झालं असेल तर माझ्यावर घ्या,’ असं लिहिलंयस. आणि खाली, ‘शिवणयंत्र मी परत आणणार नाही.’

तुझ्यावर कशाला घेऊ? माझी मुलगी रडत असती आणि पाकीट माझ्या हाती आलं असतं, तर मी तरी काय केलं असतं? तू आग बंद केलीस. पाणी होतं की नव्हतं हे त्या वेळी कोणाला दिसतं? मी तुला बोल लावू शकत नाही. लावायचा प्रयत्न केला, दोन दिवस. जमलं नाही.

पण मला फार एकटं वाटतंय. हे तुला सांगतो, कारण तिला सांगण्यासारखं नाही. त्या कोऱ्या पत्राने मला जे दोन आठवडे मिळाले, तसे आयुष्यात कधी मिळाले नव्हते. तिने वाचलंय, तिला पटलंय, ती माझ्यावर खूश आहे, असं समजून मी रस्त्याने चालत होतो. वाणी विचारायचा, “आज काय विशेष?” ते सगळं खोटं होतं. मग मला वाटतं, ती लहानपणापासून माझ्याकडून कोरा फळाच बघत आली. मी मनात म्हणत होतो, ‘वा.’ आणि तिला वाटत होतं, ह्याने बघितलंच नाही. तिला कसं कळावं? मलाही कुठे कळलं? मला निदान ओळखायला तुझी घडी तरी होती, तिला तर तेव्हा तेवढंही मिळालं नव्हतं.

मी खोली सोडतोय. फिटरच्या मेव्हण्याच्या गोदामावर राखणदार हवा आहे. तिथे पत्र लागत नाही, माणूस जागा राहिला की पुरे. झोपायला एक केबिन आहे. एकच खाट बसते, मी मापून आलो. पत्ता मागे लिहिला आहे, पण उत्तराची अपेक्षा नाही. यंत्र ठेव. मला ते पहिल्या दिवशीच समजलं होतं.

काल खोलीचा ताबा घ्यायला कंपनीचा कारकून आला. मी सवयीप्रमाणे त्याला सांगायला लागलो, मोरीचा नळ गळतो, खिडकीची कडी उलटी फिरवावी लागते, पावसात कोपऱ्यात ओल येते. तो म्हणाला, “अहो, पाडायच्या आहेत ह्या खोल्या.” तरी मी सगळं सांगून संपवलं. त्याने ऐकून घेतलं, भला मुलगा होता.

सामान बांधून झाल्यावर पोरीला पत्र लिहायला बसलो. ह्या वेळी माझ्याबद्दल नाही, तिच्याबद्दल. तिचं काय काय चुकलं ते सवयीने आधी आठवत गेलो. फोन उचलत नाही, ते. घर सोडून गेली, ते. रागाने बोलली, ते. एकेक घेतलं आणि एकेक सोडून दिलं, कारण प्रत्येकाच्या तळाशी मीच निघालो. शेवटी लिहायला काही उरलंच नाही. बराच वेळ पेन धरून बसलो. उपयोग नाही.

तर आता एक काम कर. मागची पत्रं तुझ्याकडेच राहू देत, हवी तर चुलीत घाल. हे पत्रही तिला दाखवू नकोस, ती पुन्हा रडेल. पण पाकिटात ह्याच्यासोबत एक वेगळा कागद आहे, तो मात्र तिच्या हातात दे. तुझ्या पद्धतीची घडी घालू नकोस, मी कशीबशी घातली आहे तशीच असू दे. समजावून सांगायची गरज नाही. माझा फळा पुसायला तीच यायची.

कागदावर काही लिहिलेलं नाही. तो चुकून आलेला नाही.

ठिणगीचा बाप